गाडी कोणाची, कासरा कोणाच्या हाती?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही एका साध्या शब्दावर बोलणार आहोत. शब्द आहे 'गाडी'. आपल्या कनेरगाव नाक्यावर हिंगोली-वाशीम रोडला कोणी विचारलं, "गाडी गेली का?" तर ती एस.टी. स्टेशनात विचारलं तर रेल्वे. शेतकऱ्याची गाडी बैलाची, पोराची गाडी म्हणजे फटफटी. बोलणारा कोण, उभा कुठं, यावरून अर्थ लागतो. 'गाडा' मात्र मोठा, जड. म्हणून संसाराचा गाडा, चळवळीचा गाडा.

पण या शब्दात आपला इतिहासही बसलेला आहे. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांसोबत वडिलांकडे कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. जात कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी ठरलं काय? भाडं दुप्पट, गाडी पोरांनी हाकायची, गाडीवान पायी चालणार! रात्री गाडी एका टोल नाक्यावर थांबली, तर तहानलेल्या पोरांना तिथं पाणी मिळालं नाही. आपण नाक्यावरची माणसं, हे ध्यानात ठेवा.

पुढं १९२९ साल. बाबासाहेब आता बॅरिस्टर. चाळीसगावला टांगेवाल्यानं टांगा दिला, पण हाकायला नकार दिला. आपल्यातल्याच एकानं लगाम धरला. त्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर आपटले, पाय मोडला. हे सर्व त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

त्या माणसाची माया कमी नव्हती, हाकण्याचं ज्ञान कमी होतं. आणि ते ज्ञान त्याला मिळू कोणी दिलं होतं? म्हणून आम्ही म्हणतो, गाडीत बसायला मिळालं एवढ्यावर भागत नाही. कासरा धरता आला पाहिजे.

'यान' म्हणजे सुद्धा वाहनच. १३ ऑक्टोबर १९५६ रोजी, दीक्षेच्या आदल्या दिवशी, नागपुरात पत्रकारांपुढं बाबासाहेबांनी आपल्या धम्माला 'नवयान' म्हटलं. म्हणजे ही गाडी आपली. भाडं नाही, जात विचारणं नाही.

म्हण आहे, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. वंगणाचा नळा नुसता लटकत जातो. आपण नळा व्हायचं का? विहाराचा हिशेब, वाचनालय, पोरांचा अभ्यास, एकेक काम शिकून हाती घ्या. लेकीबाळींच्या हातीही द्या. गाडा तेव्हाच पुढं जाईल.

जयभीम! नमो बुद्धाय!