खिडकीवरचा मोबाईल

मी धाराशिव जिल्ह्यातला, सॉफ्टवेअर इंजिनिअर. मागे आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला एका सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीवरचे फार्मासिस्ट म्हणाले, "गोळ्या संपल्यात, पण कॉम्प्युटरवर अजून शिल्लक दिसतात."

असं का? दिवसभर रांग, म्हणून नोंद वहीत. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, तिथली एंट्री संध्याकाळी. म्हणजे स्क्रीनवर कालचा साठा, आणि नवी मागणी उशिरा.

उपाय खिशातच आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा आहे. त्यात बॅच नंबर, एक्सपायरी सगळं असतं. गोळ्या देतानाच मोबाईलने स्कॅन केलं, की साठा तिथल्या तिथं कमी. कोड नसेल तर यादीतून बॅच निवडायची. आधी एक्सपायर होणारी बॅच ॲपनेच वर दाखवायची.

फक्त ॲप बनवणाऱ्यांनो, रेंज गेली तरी ते चाललं पाहिजे. आणि टॅप कमी ठेवा, रांगेतल्या माणसाला एसटी गाठायची असते.

मी त्या दिवशी गोळ्या मेडिकलमधून विकत घेतल्या. ज्याला परवडत नाही, तो रिकाम्या हाताने गावाकडं परततो.

बघा, पटतंय का. भेटू पुढच्या भागात!