युद्ध, प्रेम आणि तोलामोल

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनविषयी एक समज रूढ आहे: उद्याचा भरवसा नव्हता, म्हणून तरुणतरुणींनी घराणं, पैसा, हुद्दा बाजूला ठेवून मन जडेल तिथे लग्नं केली. मला हे पटत नाही. भीतीपोटी माणूस लग्नाची घाई करील. पण आधी ती दोघं भेटायला तर हवीत! १९३१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे १३ लाख स्त्रिया घरकाम करत होत्या. बऱ्याच जणी मालकाकडेच राहत. सुट्टी जेमतेम, आणि भेटायला आलेला तरुण मालकिणीला खपत नसे. वरच्या घरातल्या मुलीवर आईवडिलांची नजर असे. एकविशीनंतर लग्नाला त्यांची संमती लागत नव्हती, पण हातात स्वतःचा पैसा नसेल तर या मोकळीकीचा उपयोग काय? डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित स्त्रियांवर युद्धसेवेची सक्ती आली. मोलकरीण आणि सावकाराची लेक एकाच कायद्याने घराबाहेर पडल्या. दोघींच्या हाती आता पगार होता आणि घरची नजर दूर राहिली. वर्गाबाहेरची लग्नं शक्य झाली ती या भेटीगाठींमुळे आणि पगारामुळे, मरणाच्या भीतीमुळे नव्हे.

अशी लग्नं टिकली नाहीत, असं सांगायला घटस्फोटांचे आकडे पुढे केले जातात. १९३८ मध्ये ते सुमारे सहा हजार होते, १९४७ मध्ये साठ हजारांच्या घरात गेले. पण १९३७ च्या कायद्याने व्यभिचाराखेरीज क्रूरता आणि तीन वर्षांचा परित्याग हीही कारणं मान्य केली होती, आणि सैनिकांना कोर्टासाठी मदत मिळू लागली होती. गरिबाला पूर्वी घटस्फोट परवडतच नव्हता. शिवाय वर्षानुवर्षांच्या ताटातुटीने तोलामोलाची लग्नंही मोडली. हा दोष वर्गाबाहेरच्या प्रेमाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड ग्लास यांनी संपादित केलेल्या १९५४ च्या अभ्यासात आपल्याच थरात लग्न करण्याकडे लोकांचा कल दिसतो. हे खरंच आहे, आणि त्याने माझंच म्हणणं बळकट होतं. सैन्यातही अधिकाऱ्यांची मेस वेगळी होती. भेटीगाठींना तिथे कुंपण कायमच राहिलं. पगाराचंही तसंच. शिक्षिकेला किंवा सरकारी कारकून स्त्रीला लग्न होताच नोकरी सोडावी लागे, म्हणजे घरच्यांचा रोष पत्करणारी मुलगी माहेर आणि मिळकत एकदमच गमावी. शिक्षिकांवरचं हे बंधन १९४४ च्या शिक्षण कायद्याने उठवलं आणि सरकारी नोकरीतलं १९४६ मध्ये गेलं.