दोष झाकू नका



विहाराच्या दानपेटीचा हिशेब कोणी मागितला, की तो फुटीर ठरतो. घरची लाज चव्हाट्यावर का मांडता, असा सवाल येतो. विरोधक हसतील ही भीती खोटी नव्हे. पण तथागतांच्या संघात काय होते ते पाहा. वर्षावासाच्या अखेरीस, प्रवारणेच्या दिवशी, कितीही ज्येष्ठ भिक्षू संघापुढे हात जोडून म्हणतो: माझ्याविषयी काही पाहिले, ऐकले वा शंका आली असेल तर सांगा. दुसऱ्या भिक्षूचा गंभीर अपराध जाणूनबुजून लपविणे हा विनयात पाचित्तिय दोष होय; आणि द्वेषाने पाराजिकाचा खोटा आळ घेणे हा त्याहून जड, संघादिसेस. म्हणून कुजबुज नको. पाहिले तेवढेच, तारखेनिशी लिहा.

अर्ज कार्यकारिणीस द्या, पोच घ्या. दाद न लागल्यास, विहार नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे जा. बालकावर अत्याचार झाला असेल तर मात्र कार्यकारिणीची वाट पाहू नका; लैंगिक अपराध पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. आणि तक्रार घेऊन आलेल्या भगिनीला पहिलाच प्रश्न ‘साक्षीदार कोण?’ असा विचारू नका. तिला आधी बसावयास सांगा.