निसरड्या पट्टीवर

५ मार्च २०१५ ची गोष्ट. न्यूयॉर्कचं लागार्डिया विमानतळ, सकाळचे अकरा वाजलेले, बर्फ सारखा पडतोय. अटलांटाहून आलेलं डेल्टाचं एमडी-८८ विमान उतरलं, डावीकडे सरकत गेलं, बांधावर चढलं, कुंपण मोडलं आणि नाक फ्लशिंगच्या खाडीवर काढून थांबलं. आत १३२ माणसं होती. २९ जणांना किरकोळ इजा झाली, जीव सगळ्यांचे वाचले. मला मात्र उतरल्यानंतरची पहिली पाच-सहा सेकंदं अजून अस्वस्थ करतात.

आधीच्या दोन विमानांनी ‘ब्रेक चांगले लागतात’ असं कळवलं होतं. पण ढगाखाली येताच वैमानिकांना दिसली ती पांढरीफटक धावपट्टी. लांबी ७,००० फूट, पलीकडे पाणी. थांबेल ना विमान? या धास्तीनं कॅप्टननं रिव्हर्स जोरात दिला. या विमानाची इंजिनं शेपटीजवळ असतात. रिव्हर्समध्ये त्यांचा झोत पुढे फेकला जातो आणि शेपटीच्या सुकाणूवर सरळ वारा येत नाही. म्हणून निसरड्या पट्टीवर इंजिनातलं दाबाचं गुणोत्तर, म्हणजे जोराचं माप, १.३ च्या वर न्यायचं नसतं. ते गेलं दोनच्या आसपास. सुकाणू ऐकेना. कॅप्टननं रिव्हर्स कमी केला, पण तोवर उशीर झाला होता.

तुम्ही दुचाकी चालवता ना? जूनचा पहिला पाऊस आठवा. डांबरावर तेल आणि मातीचा राप. समोर कुत्रं आडवं येतं आणि आपण पुढचा ब्रेक करकचून दाबतो. चाक फिरायचं थांबतं, आणि न फिरणारं चाक हँडलचं ऐकत नाही. गाडी थांबण्याऐवजी आडवी होते. फिरतं चाक हे तुमचं सुकाणू, आणि घाबरून आवळलेली बोटं म्हणजे तो रिव्हर्स. दरवर्षी मुलांना सांगतो, बाळांनो, ओल्या रस्त्यावर बोटं हलकी ठेवा. ‘हो काका’ म्हणतात आणि चार दिवसांनी गुडघा बांधून येतात!

पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं. ते विमान कमी ब्रेकमुळे भरकटलं नाही. थांबवायला लावलेल्या जोरामुळेच त्याची दिशा सुटली. मी कॅप्टनला बोल लावत नाही. थांबण्याच्या काळजीचा त्यांच्या मनावर ताण होता, हे अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानंही नोंदवलं आहे. भीती वाटणारच. पण भ्यालेला हात आधी आवळतो, आणि तिथेच...

प्रवाशांना बाहेर काढायला लागलेल्या वेळाबद्दलही बोलायचं होतं. आतली ध्वनियंत्रणा बंद पडली होती, सूचना पोचेनात. पण समोरचा वेळ संपल्याचा दिवा लागला आहे.