घरचें चित्रभांडार

सोलापुरांतील एखाद्या सुशिक्षित कुटुंबाचें कपाट उघडलें, तर त्यांत गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास थराथरांनीं रचलेला आढळतो. तळाशीं लग्नाची व्हीएचएस फीत, तिच्यावर मुंजीच्या व बारशाच्या तबकड्या, त्यांवर एखाद्या जुन्या कॅमेऱ्याच्या लहान फिती. सर्वांत नवा थर कपाटाबाहेर, घरांतील प्रत्येकाच्या मोबाईलमध्यें असतो, आणि त्यांत सिद्धेश्वराच्या यात्रेंतील नंदीध्वजांची मिरवणूक सांठविलेली असते. संग्रह मोठा, परंतु तो पाहावयाचा म्हटला कीं पंचाईत होते. फीत चालविणारें यंत्र मोडीत गेलेलें, तबकड्यांवर चरे पडलेले, आणि मोबाईलचा मालक नोकरीनिमित्त पुण्यास. आजोबांना नातवाची मुंज पाहण्याची इच्छा झाली, तर चित्र घरांत असूनहि नसल्यासारखें होतें.

ह्या पंचाइतीवर जो उपाय निघाला आहे, त्यास मीडिया सर्व्हर असें नांव आहे. नांव परकें असलें तरी कल्पना ओळखीची आहे. जुन्या वाड्यांत धान्याचें एक कोठार असे व त्यावर एक कोठावळा असे. ज्यास जें हवें तें त्यानें मागावें व कोठावळ्यानें मोजून द्यावें, हा रिवाज होता. घरांतील एका संगणकास असेंच कोठावळ्याचें काम दिलें म्हणजे तो सर्व्हर झाला. सगळीं चित्रें त्याच्यापाशीं राहतात. माजघरांतील दूरचित्रवाणी संच, वरच्या खोलींतील संगणक, मुलांचे मोबाईल हे सर्व मागणारे. एकच चित्र दोघांनीं दोन खोल्यांत एकाच वेळीं मागितलें तरी तें दोघांनाहि मिळतें.

ह्या मंडळींत आणखी एक पेटी येऊन बसली आहे. केबलच्या डिजिटल रूपांतराच्या दुसऱ्या टप्प्यासाठीं देशांतील ३८ शहरें निवडलीं होतीं व त्यांना ३१ मार्च २०१३ ही मुदत दिली होती. त्या यादींत सोलापूर होतें. तेव्हांपासून येथील केबलच्या ग्राहकांस सेट-टॉप बॉक्स अनिवार्य झाला. ज्या बॉक्समध्यें चालू कार्यक्रम उतरवून ठेवण्याची सोय असते, त्यास डीव्हीआर म्हणतात. (दुकानांत पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांच्या पेटीसहि हेंच नांव आहे, ती येथें अभिप्रेत नाहीं.) डीव्हीआरचा गुण असा कीं, मालिकेची वेळ आणि स्वयंपाकाची वेळ ह्यांचें भांडण तो मिटवितो. दोष असा कीं, त्यांत उतरविलेला सशुल्क वाहिनीचा कार्यक्रम बहुधा सांकेतिक कुलुपांत बंद असतो, आणि तें कुलूप त्याच पेटीस उघडतें. पेटी बिघडून बदलली म्हणजे कार्यक्रम गेला. घरच्या मुलीनें दूरचित्रवाणीवर गाइलेलें गाणें कोणी हौसेनें उतरविलें असेल, तर तें पेटीबरोबरच जातें.

परदेशांत ह्या प्रश्नाचा विचार पूर्वींच झाला. पुढें पाहण्यासाठीं कार्यक्रम घरीं उतरवून ठेवणें हा हक्कभंग नव्हे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं बीटामॅक्स खटल्यांत पांच विरुद्ध चार मतांनीं दिला. १९९९ सालीं तेथें टिवो हा डीव्हीआर बाजारांत आला. २००५ पासून त्यांतील कार्यक्रम संगणकावर नेतां येऊं लागले. पुढें उलट दिशेनेंहि वाट निघाली आणि संगणकावरील चित्रें टिवोच्या यादींत दिसूं लागलीं. त्यासाठीं पायटिवो नांवाचें विनामूल्य सॉफ्टवेअर हौशी लोकांनीं तयार केलें. २०२५ सालीं टिवो कंपनीनें डीव्हीआरची विक्री थांबविली. ज्यांचा संग्रह स्वतःच्या संगणकावर होता, त्यांस केवळ पाहण्याचें एक साधन बदलावें लागणार. ज्यांचा पेटींतच होता, त्यांचें सर्वस्व त्या पेटीच्या आयुष्यावर अवलंबून राहिलें. भांडार आपल्याकडे असावें आणि पेटी मागणाऱ्यांच्या रांगेंत असावी, हा ह्यांतील बोध होय.

भांडार उभारण्यास मोठा खर्च लागत नाहीं. पांच-सात वर्षांचा जुना संगणकहि बहुधा पुरतो. तो राउटरला शक्यतों तारेनें जोडावा, व राउटरमध्यें त्याचा पत्ता कायमचा बांधून द्यावा, म्हणजे मागणाऱ्यास कोठावळा रोज निराळ्या दारीं शोधावा लागत नाहीं. नंतर सर्व्हरचें सॉफ्टवेअर बसवावें. जेलीफिन हें त्यांपैकीं एक असून तें विनामूल्य व खुलें आहे. २०१८ च्या डिसेंबरांत तें एम्बी ह्या प्रकल्पापासून वेगळें झालें. चित्रांचे कप्पे त्यास दाखवून दिले कीं तें आपण होऊन यादी तयार करतें. नांव देतांना वर्ष, महिना व दिवस ह्या क्रमानें तारीख आधीं लिहावी, म्हणजे यादी कालक्रमानें लागते. सोलापुरांत मराठी, तेलुगु, कानडी, उर्दू ह्या भाषा शेजारीं शेजारीं नांदतात. नांव घरांत जी भाषा बोलली जाते तींत असावें हें उत्तम. मात्र जुन्या संचांवर देशी लिपीच्या जागीं कधीं कधीं नुसते चौकोन दिसतात, हें ध्यानांत असावें.

आतां देवघेवीची भाषा. सोनी, इंटेल आदि कंपन्यांनीं २००३ सालीं स्थापिलेली, पुढें डीएलएनए म्हणून ओळखली गेलेली संस्था २०१७ मध्यें विसर्जित झाली. तथापि तिचे नियम असंख्य संचांत आजहि चालू आहेत. त्या नियमांप्रमाणें संच घरच्या जाळ्यांत ‘चित्रें देणारा कोणी आहे काय?’ अशी हांक मारतो आणि सर्व्हर तीस ओ देतो. ही हांक सहसा एका जाळ्याबाहेर जात नाहीं. म्हणून संगणक एका वाय-फायवर व संच पाहुण्यांसाठींच्या वाय-फायवर असला, तर दोघेहि चालू असून एकमेकांस दिसत नाहींत. पुष्कळांचा पहिला दिवस ह्याच शोधांत जातो. जेलीफिनमध्यें ही डीएलएनएची सोय २०२४ पासून निराळी जोडावी लागते. डीव्हीआरला ही भाषा येत असेल तर भांडार त्याच्याच यादींत दिसतें. येत नसेल, तर त्याच संचाच्या दुसऱ्या एचडीएमआय छिद्रांत एखादें लहान अँड्रॉइड उपकरण लावावें. काम तितकेंच होतें.

दुसरी अडचण चित्राच्या घडणीची. संचास २००३ सालची एच.२६४ ही पद्धत समजते, परंतु २०१३ सालची एचईव्हीसी समजत नाहीं, असें जुन्या संचांत घडतें. अशा वेळीं सर्व्हर चालत्या चित्राचें रूपांतर करून देतो. पण संगणक दुबळा असल्यास चित्र अडखळतें. तेव्हां घरांत नेहमीं पाहिलीं जाणारीं चित्रें आधींच एच.२६४ मध्यें करून ठेवावीं. मूळ प्रत मात्र पुसूं नये. डीव्ही पद्धतीची लहान फीत संगणकांत उतरविली तर ताशीं सुमारें १३ गिगाबाइट जागा घेते. सेकंदास पांच मेगाबिट वेगाची एच.२६४ प्रत ताशीं सव्वादोन गिगाबाइटांत मावते. एक टेराबाइटच्या डिस्कमध्यें पहिल्या प्रकारचे सुमारें ७५ तास, तर दुसऱ्या प्रकारचे ४४० तास बसतात.

तिसरी अडचण खास सोलापुरची. येथील उन्हाळ्यांत पारा चाळिसांच्या वर जातो. डिस्क बंद कपाटांत किंवा संचाच्या पाठीशीं कोंडली तर तिचें आयुष्य घटतें. तीस वारा लागेल अशी जागा हवी. विजेच्या अकस्मात् जाण्यानें लिहितां लिहितां यादी बिघडते, म्हणून लहानसा यूपीएस जोडावा.

कायद्याची मर्यादाहि सांगितली पाहिजे. घरच्या समारंभाचीं चित्रें घरांत दाखविण्यास आडकाठी नाहीं. दुसऱ्याच्या कृतीचा खाजगी उपयोगापुरता उचित वापर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमास मान्य आहे. परंतु हक्कभंगाच्या हेतूनें सांकेतिक कुलूप फोडणें हा २०१२ च्या दुरुस्तीनें आलेल्या ६५-अ कलमाप्रमाणें गुन्हा आहे. कोठाराचें दार गल्लीकडे उघडूं नये, हें शहाणपणाचेंहि आहे.

सरतेशेवटीं, एक डिस्क म्हणजे भांडार नव्हे. डिस्क कोणतीहि असो, ती एक दिवस बंद पडणारच. मूळ संग्रहाच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या घरीं, जवळच्या नातलगाकडे असावी. सर्व्हरचा पत्ता, संकेतशब्द व कप्प्यांची मांडणी वहींत लिहून ती घरच्या कागदपत्रांत ठेवावी. कारण हीं कामें बहुधा घरांतील एकच तरुण करतो, आणि तो परगांवीं गेला म्हणजे भांडार भरलेलें असून कोणास उघडतां येत नाहीं. खंडेनवमीस सोलापुरांत मागांची व यंत्रांची पूजा होते. त्याच दिवशीं तिन्ही प्रतींतील एकेक जुनें चित्र लावून पाहावें, आणि जी प्रत उघडली नाहीं ती दसऱ्याच्या आंत नव्यानें करून घ्यावी.