शेजारणीची वाटी

मी रोह्याशेजारच्या वरसे गावचा. आमच्याकडे एका क्लासवाल्यांनी पाटी बदलली. 'कोचिंग सेंटर' पुसून 'मार्गदर्शन केंद्र' लिहिलं, आणि इंग्रजी हाकललं म्हणून पेढे वाटले. पेढा मीही खाल्ला. पण अहो, सेंटर आणि केंद्र ही एकाच आईची लेकरं! आई ग्रीक, नाव केंट्रॉन. म्हणजे टोचणारी अणी. वर्तुळ काढताना कंपासचं टोक रुततं, तो बिंदू. लॅटिन, फ्रेंच करत विलायतेला पोचला तो सेंटर. ज्योतिषाचं बोट धरून संस्कृतात शिरला तो केंद्र. हे कानावरून जातं म्हणून पुन्हा सांगतो: केंद्रसुद्धा ग्रीकच.

शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, ही आपली रीत. भाषांनीही ती पाळली. आपण पिंपळी धाडली; ग्रीकांनी तिला पेपेरी म्हटलं, ते नाव मिरीलाही चिकटलं, आणि इंग्रजांकडे त्याचं पेपर झालं. वाटी परत आली ती होरा घेऊन. पत्रिकेतला होरा आणि घड्याळातला अवर एकच. दुसऱ्या एका खेपेला द्राख्मे हे नाणं आलं. त्याचं द्रम्म झालं. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत हिशेब द्रम्मांत आहेत. द्रम्माचा दाम, दामाची दमडी. रोह्याचे चिंतामणराव देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे आम्ही अभिमानाने सांगतो. दाम कुणाचा, ते सांगत नाही.

आता आमच्याकडची धाटावची केमिकलवाली एमआयडीसी. केमिकल म्हटलं की आपण नाक धरतो, किमया म्हटलं की मान डोलावतो. दोन्ही शब्द ग्रीक खेमियाचे, अरबांच्या हातून आलेले. वाटी एकच, पण एकदा वास येतो नि एकदा सुवास, असं कसं?

स्कूल म्हणजे ग्रीकात फुरसत. हे मुलांना सांगू नका.

तर केंद्र, पुन्हा एकदा, ग्रीक. ठेवा की खुशाल, पाटीवर शोभतंही. फक्त पेढे वाटण्याआधी कृ. पां. कुलकर्ण्यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' चाळा. 1946 पासून आहे तो.