एकच प्रत



विक्री-व्यवस्थापक म्हटले की टाय बांधलेला गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. मी मात्र हे काम यवतमाळात पापड विकून शिकले. एका पावसाळ्यात सादळलेले पापड चांगल्यांत मिसळून दिले. दुकानदाराने सारी पाकिटे परत केली. वर्षभर दारात उभे केले नाही.

पुढे ‘लिज्जत’ची हकीकत वाचली. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन आरंभ केला. पहिल्या दिवशी पाकिटे अवघी ४! आरंभी त्याही हलका माल स्वस्तात विकत. छगनबापांनी एकच उत्तम प्रत ठेवा म्हणून सांगितले.

तेव्हापासून रोजच्या मालातला एक पापड भाजून पाहते. बिघडलेला घरीच संपवतो. (यजमान कुरकुरतात!) परवा त्याच दुकानदाराने २० पाकिटे मागितली. मनाजोगती १२च होती, तेवढीच दिली.